गच्चीवर जायचं, पण कोणत्या? त्सुनामीत आसरा देणाऱ्या इमारतींची पारख

 

आज आपण एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. तुम्ही समुद्रकाठच्या एका सपाट गावात आहात. जमीन जोरात हलली आणि दोन-तीन मिनिटं हलतच राहिली. मग थांबली. आता त्सुनामी येणार, हे तुम्हाला कळतंय. डोंगर तीन किलोमीटरवर आहे आणि पाणी यायला वीस मिनिटं आहेत. समोर एक चार मजली इमारत आहे. पळायचं की चढायचं?

हा प्रश्न विचारला की बहुतेक जण म्हणतात, चढायचं. उत्तर बरोबर असू शकतं. पण ‘कोणत्या इमारतीवर’ हा पुढचा प्रश्न त्या वीस मिनिटांत सोडवता येत नाही. तो कुणीतरी आधी, शांतपणे, कागद-पेन्सिल घेऊन सोडवलेला असावा लागतो. ते काम कसं करतात, हे आज आपण समजून घेणार आहोत.

आधी दोन शब्द. समुद्रापासून लांब, उंच जमिनीकडे जाणं म्हणजे आडवं स्थलांतर. जागच्या जागी इमारतीत किंवा मनोऱ्यावर वर चढणं म्हणजे उभं स्थलांतर. यात पहिली पसंती कायम आडव्या स्थलांतराला. कारण सोपं आहे. डोंगरावर पोहोचल्यावर पाणी अपेक्षेपेक्षा जास्त आलं, तर आणखी वर जाता येतं. गच्ची एकदा संपली की पुढे वाट नसते. म्हणून उभ्या स्थलांतराचा विचार फक्त जिथे वेळेत उंच जमीन गाठता येत नाही तिथेच करायचा.

एक गाव, चार इमारती

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर मिनामिसानरिकू नावाचं गाव आहे. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी ९ रिश्टरच्या आसपासचा भूकंप झाला. तीन मिनिटांनी त्सुनामीचा इशारा आला. त्यात या प्रांतासाठी लाटेची उंची ६ मीटर सांगितली होती. ३ वाजून १४ मिनिटांनी तोच अंदाज ‘१० मीटरहून जास्त’ असा वाढवला गेला. त्यानंतर थोड्याच वेळात पाणी गावात शिरलं. गावातली आठशेहून अधिक माणसं मृत किंवा बेपत्ता झाली.

या एकाच गावातल्या चार इमारती आपण पाहू. (जपानमध्ये तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात, त्यामुळे इथले मजले त्या हिशेबाने.)

पहिली, गावाच्या आपत्ती व्यवस्थापन कार्यालयाची. तीन मजली, लोखंडी सांगाड्याची, सुमारे १२ मीटर उंच. याच इमारतीतून ध्वनिक्षेपकावर गावाला इशारे दिले जात होते. कर्मचारी गच्चीवर गेले. पाणी गच्चीच्याही काही मीटर वरून गेलं. इथे ४३ जण गेले. जिन्याचा कठडा आणि अँटेनाचा खांब धरून राहिलेली जेमतेम दहा-अकरा माणसं वाचली, त्यात गावचे महापौरही होते. भिंती वाहून गेल्या, लाल सांगाडा तेवढा आजही उभा आहे.

दुसरी, लग्नसमारंभांसाठीची एक खासगी इमारत, ताकानो कैकान. त्या दिवशी तिथे ज्येष्ठ नागरिकांचा कलाविष्काराचा कार्यक्रम चालू होता. भूकंप थांबल्यावर अनेकांना घरी जायचं होतं. तिथल्या कर्मचाऱ्यांनी त्यांना बाहेर जाऊ दिलं नाही, वर नेलं. पाणी इमारतीत वरपर्यंत चढलं, पण ३२७ माणसं आणि दोन कुत्री वाचली.

तिसरी, अगदी समुद्राला लागून असलेली चार मजली सरकारी वसाहत. ती बांधतानाच आसरा म्हणून विचारात घेतली होती. पाणी तिच्या गच्चीवरही आलं, पण इमारत उभी राहिली आणि गच्चीवरचे ४४ जण वाचले.

चौथी, रुग्णालय. पाच मजल्यांचं, आसऱ्याच्या यादीत नाव असलेलं. शंभरहून अधिक रुग्ण दाखल होते, त्यांत वृद्ध बरेच. कर्मचारी त्यांना उचलून पाचव्या मजल्यावर न्यायला लागले. पाणी चौथ्या मजल्यापर्यंत आलं. वरचा मजला कोरडा राहिला, इमारत पडली नाही, तरीही सत्तरहून अधिक माणसं गेली. रुग्णांना वर न्यायला तेवढा वेळच मिळाला नाही.

आता बघा, पहिल्या इमारतीचा सांगाडा टिकला, पण उंची कमी पडली. तिसरी इमारत उंचीच्या अगदी काठावर होती. चौथ्या इमारतीची उंची पुरेशी होती, मजबुतीही होती, पण माणसं वरपर्यंत पोहोचली नाहीत. दुसऱ्या इमारतीत उंची, मजबुती आणि माणसांना वर ठेवणारे लोक, हे तिन्ही जुळून आलं. इमारतीची पारख करताना हे सगळे प्रश्न वेगवेगळे विचारावे लागतात. आणि यातल्या एकाचं उत्तर ‘नाही’ आलं, तर बाकीच्या उत्तरांनी ते भरून निघत नाही.

पहिला प्रश्न: उंची

उंचीचा हिशेब कुठून सुरू होतो? त्या ठिकाणी येऊ शकणाऱ्या मोठ्यात मोठ्या त्सुनामीच्या अंदाजापासून. पण अंदाज चुकतो, हे आपण आत्ताच पाहिलं. म्हणून वर भरपूर राखीव ठेवावी लागते. अमेरिकेतल्या स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेने २०१६च्या मानकात त्सुनामीसाठी स्वतंत्र प्रकरण घातलं. त्यातला नियम असा: पाण्याच्या अंदाजित पातळीला १.३ने गुणा आणि वर निदान ३ मीटर किंवा एका मजल्याची उंची, यातलं जे जास्त असेल ते मिळवा. आसऱ्याची जमीन त्याच्या खाली चालत नाही.

आपल्याकडच्या इमारतीवर हा हिशेब करून पाहू. जागा जवळजवळ समुद्रसपाटीलाच आहे असं धरा. पाण्याचा अंदाज ८ मीटर. त्याला १.३ने गुणलं की १०.४. त्यात ३ मिळवले की १३.४ मीटर. आता तळमजला अधिक चार मजल्यांची नेहमीची सोसायटी घ्या. जोतं ६० सेंटिमीटर, प्रत्येक मजला ३ मीटर. चौथ्या मजल्याची फरशी येते १२.६ मीटरवर. म्हणजे चौथा मजलासुद्धा कमी पडला! चालते ती फक्त गच्ची, १५.६ मीटरवर. बाहेरून बघणाऱ्याला पाच पातळ्यांची इमारत दिसते, पण आसरा म्हणून तिचा एकच स्लॅब उपयोगाचा आहे. आणि गच्चीच्या दाराला आपल्याकडे बहुतेक वेळा कुलूप असतं. त्याच्याकडे आपण परत येऊ.

उंचीत एखाद-दोन मीटर किती मोलाचे असतात, याचं उदाहरण त्याच किनाऱ्यावरच्या यामामोतो गावातल्या नाकाहामा शाळेचं. समुद्रापासून सुमारे ४०० मीटरवरची दोन मजली शाळा. १९८९मध्ये नवी इमारत बांधताना तिच्याखालची जमीन भराव घालून सुमारे दोन मीटर उंच केली होती. २०११मध्ये मुलांना घेऊन ठरलेल्या जागी चालत जायला वेळ पुरणार नाही, हे पाहून मुख्याध्यापकांनी सगळ्यांना वर नेलं. पाणी दुसऱ्या मजल्याच्या छताजवळ आलं. गच्चीच्या पातळीवरच्या अडगळीच्या खोलीत मुलं, शिक्षक आणि गावकरी मिळून ९० जणांनी थंडीत रात्र काढली. सगळे वाचले. ते दोन मीटर नसते तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

दुसरा प्रश्न: आधीचा भूकंप

त्सुनामी जवळून येते तेव्हा ती एकटी येत नाही. आधी भूकंप येतो. म्हणजे पाणी ज्या इमारतीवर आदळणार आहे, ती इमारत काही मिनिटांपूर्वीच जोरात हललेली आहे. तिला तडे गेलेत का? जिना जागेवर आहे का? दारं अडकली आहेत का? पारख इथूनच सुरू करायची. जपानमध्ये भूकंपविषयक बांधकाम नियम १९८१मध्ये कडक झाले. त्यामुळे तिथे पहिला प्रश्न असतो, इमारत १९८१च्या आधीची की नंतरची? आधीची असेल, तर तपासणी आणि मजबुतीकरण झाल्याशिवाय ती यादीत येत नाही.

इथे एक गंमतीचा पेच आहे. पाण्याच्या दृष्टीने तळमजला मोकळा असलेला बरा. नुसते कॉलम असतील तर पाणी मधून निघून जातं आणि इमारतीवर कमी भार येतो. भूकंपाच्या दृष्टीने मात्र हाच मोकळा तळमजला धोक्याचा. आपल्याकडच्या स्टिल्ट पार्किंगच्या इमारती आठवा. २६ जानेवारी २००१च्या भुज भूकंपात, केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर लांब असलेल्या अहमदाबादमध्ये कितीतरी बहुमजली इमारती कोसळल्या. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खाली नुसते कॉलम. सगळी हालचाल त्या कॉलमांवर आली आणि ते मोडले. म्हणून मोकळा तळमजला हवा असेल, तर तिथले कॉलम आणि काँक्रीटच्या कातरभिंती त्या हिशेबाने जाड आणि भरपूर लोखंडाच्या असाव्या लागतात. कातरभिंती पाण्याच्या येण्याच्या दिशेला आडव्या न ठेवता समांतर ठेवल्या, तर भूकंपाला आधार मिळतो आणि पाण्यालाही वाट राहते. जुनी इमारत तपासताना नकाशात हे आधी बघायचं.

तिसरा प्रश्न: पाणी काय करतं

त्सुनामीचं पाणी म्हणजे किनाऱ्यावर फुटणारी मोठी लाट, असं चित्र आपल्या डोळ्यांसमोर असतं. प्रत्यक्षात ती बराच वेळ वाहत राहणारी नदी असते. ती आत येते, थांबते, परत जाते आणि पुन्हा येते.

वाहत्या पाण्याचा जोर किती असतो? एक ढोबळ हिशेब करू. पाणी चार मीटर खोल आहे आणि वेग सेकंदाला पाच मीटर, म्हणजे ताशी १८ किलोमीटर. सायकलचाच वेग. गाळ मिसळल्यामुळे पाणी जरा जड. अशा पाण्याने भिंतीच्या दर एक मीटर रुंदीवर सुमारे सात टनांचा जोर येतो. दहा मीटर रुंदीच्या भिंतीवर सत्तर टन. आता वेग दुप्पट केला, तर जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. वेगाचा वर्ग येतो ना सूत्रात. म्हणून त्याच गावात अरुंद गल्लीच्या तोंडाशी असलेल्या इमारतीवर, जिथे पाणी वेग घेतं तिथे, बाजूच्या इमारतीपेक्षा कितीतरी जास्त भार येऊ शकतो.

जपानी अभियंत्यांनी यासाठी एक सोपी पद्धत बसवली आहे. वाहत्या पाण्याचा किचकट हिशेब करण्याऐवजी पाणी स्थिर आहे असं धरायचं, पण त्याची खोली तिप्पट घ्यायची. चार मीटर पाणी येणार असेल तर भिंतीवर बारा मीटर पाणी टेकलंय असं समजून तपासायचं. खोली तिप्पट म्हणजे एकूण भार नऊपट. २०११नंतरच्या सुधारणेत, समोर अडथळा असेल तर तिप्पटऐवजी दुप्पट, आणि अडथळाही आहे व समुद्रही ५०० मीटरहून लांब आहे तर दीडपट, अशी सूट दिली गेली.

जोराशिवाय आणखी चार गोष्टी पाहाव्या लागतात.

एक, पाण्याबरोबर येणारं सामान. होड्या, मोटारी, ओंडके, मोडलेली घरं, बंदर जवळ असेल तर कंटेनर. ते कॉलमवर आदळतात. आणि आदळले नाहीत तरी कॉलमांच्या मध्ये अडकून बसतात. मग मोकळा ठेवलेला तळमजला बांधासारखा बंद होतो आणि सगळा प्रवाह इमारतीवर रेटा देतो. म्हणून एखादा कॉलम गेला तरी वरचा भाग खाली येऊ नये, अशी तपासणी करतात.

दोन, प्लावक बल, म्हणजे पाण्याने वर उचलणं. शाळेतला आर्किमिडीज इथे कामाला येतो. पाणी मजल्यात चढतं तेव्हा खिडकीच्या वरची हवा स्लॅबखाली, बीमांच्या चौकटीत अडकते. मजला २०० चौरस मीटरचा आणि बीम अर्धा मीटर खोल असेल, तर १०० घनमीटर हवा. म्हणजे त्या एका मजल्याला सुमारे १०० टनांचा वर ढकलणारा जोर! मजल्याचं स्वतःचं वजन ढोबळमानाने २०० टन असेल, तर त्यातलं निम्मं वजन पायावरून उतरलं. वजन उतरलं की इमारतीची जमिनीवरची पकड सुटते, आणि वरून बाजूचा रेटा चालूच असतो. मिनामिसानरिकूच्या दक्षिणेला ओनागावा नावाचं गाव आहे. तिथे २०११मध्ये काँक्रीटच्या काही इमारती मोडल्या नाहीत, तर पायासकट उपटून आडव्या पडल्या. काहींचे पाइलही जमिनीतून वर आले. त्यातली एक छोटी पोलीस चौकी तशीच आडवी जपून ठेवली आहे. ती पाहिली की ‘काँक्रीटची आहे, म्हणजे टिकेल’ हे वाक्य परत बोलवत नाही.

तीन, पायाखालची माती. पाणी इमारतीच्या कोपऱ्यांना वळसा घालताना तिथली जमीन खरवडत जातं. वाळूची जमीन असेल तर भूकंपाने ती आधीच सैल झालेली असते. उथळ पायाच्या इमारतीला हे झेपत नाही. त्यामुळे माती परीक्षणाचा अहवाल आणि पायाची खोली कागदावर नसेल, तर ती इमारत पुढच्या फेरीत जात नाही.

चार, आग. पाण्यात आग कशी, असं वाटेल. पण मोटारी, गॅसचे सिलिंडर, तेलाच्या टाक्या हे सगळं तरंगत येतं आणि पेटतं. इशिनोमाकी शहरातली कादोनोवाकी शाळा पाण्यात टिकली आणि आगीत होरपळली. मुलं बहुतेक आधीच मागच्या टेकडीवर गेली होती. शाळेत उरलेल्यांनी वर्गातली लाकडी व्यासपीठं टेकून मागच्या चढावर पूल केला आणि बाहेर पडले. ज्या इमारतीच्या मागे चढ नाही, तिथे काय? म्हणून आसपास काय साठवलेलं आहे, हेही पारखीत येतं.

चौथा प्रश्न: माणसं वर पोहोचतील का

इथपर्यंतचं काम अभियंत्याचं. पुढचं काम मिनिटांचं आहे, आणि ते बऱ्याचदा घाईत उरकलं जातं.

समजा, पाणी यायला २५ मिनिटं आहेत. तीन मिनिटं भूकंपातच गेली. काय झालं ते कळणं, घरच्यांना गोळा करणं, आजीला चप्पल घालणं, यात सात. उरली पंधरा. इमारतीच्या जिन्यावरून मिनिटाला पन्नास माणसं वर गेली, तर ३०० माणसांना सहा मिनिटं. उरली नऊ. धडधाकट माणूस सेकंदाला एक मीटर चालतो असं धरलं, तर नऊ मिनिटांत ५४० मीटर. वृद्ध माणूस किंवा लहान मूल त्याच्या निम्म्या वेगाने, म्हणजे २७० मीटर. नकाशावर या इमारतीभोवती वर्तुळ काढायचं तर ते २७० मीटरचं काढायला हवं. तेही हवाई अंतराने नाही. मध्ये नाला आहे, कंपाउंडची भिंत आहे, रेल्वे फाटक आहे, ते सगळं धरून.

मग जागा. थोड्या तासांच्या आसऱ्यासाठी माणशी साधारण एक चौरस मीटर धरतात. ४०० चौरस मीटरच्या गच्चीतून पाण्याच्या टाक्या, लिफ्टची खोली, सोलर पॅनेल वजा केले की ३०० उरतात. वर्तुळात १,२०० माणसं राहत असतील, तर ही इमारत चारातल्या एकालाच पुरणार. बाकीच्यांसाठी दुसरी सोय सांगितल्याशिवाय हिला हिरवा शेरा देणं म्हणजे ९०० माणसांना बंद दारापर्यंत धावत आणणं.

पाचवा प्रश्न: किल्ली कुणाकडे

आता ते कुलूप. इमारत दिवसा ऑफिसची असेल तर रात्री दोन वाजता कोण उघडणार? सोसायटी असेल तर गच्चीची किल्ली सेक्रेटरींकडे, आणि सेक्रेटरी गावाला. जपानच्या अनेक गावांत यावर एक साधी युक्ती आहे. दाराशेजारी किल्लीची पेटी असते. ठरावीक जोराचा भूकंप झाला की ती आपोआप उघडते. काही ठिकाणी थेट बाहेरूनच गच्चीवर जाणारा जिना बांधतात. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात वेस्टपोर्ट इथे २०१६मध्ये ओकोस्टा शाळेची नवी इमारत झाली. व्यायामशाळेच्या छतावर सुमारे एक हजार माणसं मावतात आणि चार कोपऱ्यांत जिन्यांचे चार मनोरे आहेत. लोकांनी मतदान करून त्यासाठी कर्ज उभारायला मान्यता दिली होती. अमेरिकेतली ही अशी पहिलीच इमारत.

खासगी इमारत असेल तर मालकाशी लेखी करार हवा. दार मोडलं तर खर्च कुणाचा, दुखापत झाली तर जबाबदारी कुणाची, वर पाणी आणि पांघरुणं कोण ठेवणार. हे क्षुल्लक वाटतं, पण त्सुनामीच्या लाटा तासन् तास येत राहतात. वर गेलेली माणसं लगेच खाली उतरली तर सगळी पारख वाया गेली. नाकाहामातल्या मुलांना रात्रभर वर थांबावं लागलं होतं.

‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी

आता या सगळ्याचं सार. इमारतीला आसऱ्याचा हिरवा फलक लावणं म्हणजे लोकांना शब्द देणं. फलक पाहून माणसं आपला दुसरा पर्याय सोडून देतात. ज्या चढाकडे ती पळू शकली असती, तिकडे न जाता इमारतीकडे येतात. त्यामुळे चुकीचा ‘हो’ हा फलक नसण्यापेक्षा वाईट.

कामाइशी शहरातल्या उनोसुमाइ भागात आपत्ती निवारण केंद्र नावाची दोन मजली इमारत होती. त्सुनामीच्या वेळी जायच्या ठिकाणांच्या यादीत ती नव्हती. पण उंचावरची ठरलेली जागा लांब पडते, म्हणून सरावाच्या वेळी लोकांना तिथे जमू दिलं जायचं. नावही तसंच. २०११मध्ये लोक सवयीने तिथेच गेले. पाणी दुसऱ्या मजल्याच्या छतापर्यंत चढलं. तिथे दीडशेहून अधिक माणसं गेली असावीत, असा अंदाज आहे. त्याच भागातली शाळेची मुलं मात्र ठरलेल्या जागेवर पोहोचूनही थांबली नाहीत. ती आणखी वर गेली, आणि मग आणखी वर.

कागदावरचं ‘हो’ सुद्धा कायमचं नसतं. २०१२मध्ये जपान सरकारने दक्षिणेकडच्या नानकाइ खंदकाचा नवा अंदाज दिला. त्यात कोची प्रांतातल्या कुरोशिओ गावासाठी आकडा आला ३४.४ मीटर. आधीच्या आकड्यांवर आधारलेलं नियोजन तिथे नव्याने करावं लागलं, नवे मनोरे उभारावे लागले. इंडोनेशियातलं पादांग शहरही असंच. सखल, दाट वस्तीचं, आणि मोठी त्सुनामी आली तर हाती अर्ध्या तासाच्या आसपासचा वेळ. ३० सप्टेंबर २००९ रोजी तिथे ७.६ रिश्टरचा भूकंप झाला. मोठी त्सुनामी आली नाही, पण अकराशेहून अधिक माणसं गेली आणि अनेक बहुमजली इमारती पडल्या. पाण्याच्या वेळी ज्यांच्याकडे पाहायचं, अशा उंच इमारतींवर भूकंपातच किती भरवसा ठेवता येतो, हे त्या दिवशी दिसलं.

म्हणून चांगल्या पारखीचा शेरा नुसता ‘पास’ किंवा ‘नापास’ असा नसतो. त्यात लिहिलेलं असतं: कोणत्या पातळीच्या पाण्यापर्यंत, कोणत्या मजल्याच्या वर, किती माणसांसाठी, आणि पुन्हा कधी तपासायचं. आणि जिथे नकार आहे तिथे तोही फलकावर हवा: ‘ही इमारत त्सुनामीत आसरा नाही, टेकडी या बाजूला.’

श्रोत्यांचे काही प्रश्न

*मुंबई-कोकणात याची गरज आहे का?*

आपल्या किनाऱ्याला त्सुनामी माहीत नाही असं नाही. २८ नोव्हेंबर १९४५च्या पहाटे मकरान किनाऱ्याजवळ, आजच्या पाकिस्तानच्या बाजूला, ८ रिश्टरच्या पुढचा भूकंप झाला. त्याच्या सुमारे दोन मीटरच्या लाटा सकाळी मुंबईत पोहोचल्या आणि इथेही माणसं दगावली. पण भूकंप आणि लाट यांत काही तासांचं अंतर होतं. आज हैदराबादच्या ‘इन्कॉइस’मध्ये त्सुनामी इशारा केंद्र आहे. इशारा मिळून हाती काही तास असतील, तर किनारा सोडून आत जाणं हेच उत्तर. उभ्या स्थलांतराची खरी निकड अंदमान-निकोबारसारख्या ठिकाणी आहे, कारण भूकंपाचा पट्टा तिथे अगदी उशाशी आहे आणि पाणी मिनिटांत येतं.

*चक्रीवादळासाठी बांधलेले निवारे चालणार नाहीत का?*

ओडिशा, आंध्रच्या किनाऱ्यावर त्या निवाऱ्यांनी फार माणसं वाचवली आहेत. जोतं उंच, तळ मोकळा, छत पक्कं, हे सगळं उपयोगीच. पण त्यांचा हिशेब वाऱ्याचा आणि वादळी भरतीचा असतो. लोक वादळाच्या कितीतरी तास आधी तिथे येतात आणि त्याआधी जमीन हललेली नसते. त्यामुळे ते आपोआप त्सुनामीचा आसरा ठरत नाहीत. आज सांगितलेले पाचही प्रश्न त्यांना नव्याने विचारावे लागतील. काही पास होतील, काहींचं मजबुतीकरण करावं लागेल.

*मग सुरुवातीच्या त्या प्रश्नाचं उत्तर काय?*

वीस मिनिटं, डोंगर तीन किलोमीटर, समोर चार मजली इमारत. तिच्यावर आसऱ्याचा फलक असेल, तर चढा आणि सर्वांत वर जा. फलक नसेल आणि खरोखरच दुसरा मार्ग नसेल, तर समुद्रापासून जितकी लांब, जितकी उंच, जितकी धडधाकट काँक्रीटची इमारत मिळेल ती गाठा, आणि पाणी ओसरलं असं वाटलं तरी अधिकृत निरोप येईपर्यंत खाली उतरू नका. पण समुद्रकाठी कुठेही मुक्कामाला गेलात, अंदमानला, इंडोनेशियाला किंवा जपानला, तर पहिल्याच संध्याकाळी तिथल्या माणसाला विचारून ठेवा, पाणी आलं तर तुम्ही कुठे जाता? तो ज्या दिशेला हात दाखवेल, तिथपर्यंत एकदा चालून या आणि घड्याळ लावून बघा किती मिनिटं लागतात.